ताईचा पाय

पुलाच्या अलीकडच्या नाक्यावर साहेबाने सुताराची पिशवी टेबलावर पालथी केली. करवत, पटाशी, कपड्यांचा एक जोड, आणि जुन्या चादरीत तान्ह्या लेकरासारखा गुंडाळलेला लाकडी पाय.

"हे काय?"

"पाय आहे, साहेब. ताईचा. पलीकडे छावणीत असते. सुरुंगावर पाय पडला तिचा."

"ताईचा पाय तुझ्या पिशवीत, मग ताई काय डोक्यावर चालते?"

शिपाई फिदीफिदी हसले. साहेबाचं मन राखावं म्हणून सुतारही ओशाळं हसला, आणि तिथेच फसला.

"दात काढतोस? आत काय भरलंयस?"

"भरीव आहे, साहेब. एकाच ओंडक्यातला. वाजवून बघा."

"आता तू मला शिकवणार! फोडा रे."

शिपायाने कुऱ्हाड उचलली.

ताईने मापाला दोरा पाठवला होता, गुडघ्याखालून भुईपर्यंत. तो लावून लावून सुताराने तीन महिने पोटरी तासली होती. पोटरीचा बाक मात्र दोऱ्याने सांगितला नव्हता, तो त्याच्या अंगाला ठाऊक होता. आपल्या पायांवर झुलवूनच ताईने त्याला लहानाचा मोठा केला होता.

"कुऱ्हाड नको!" तो आडवा आला. "ढलप्या उडाल्या तर जोडायला काही उरत नाही. मीच कापतो."

साहेबाने मानेनेच होकार दिला. सुताराने खाली चादर अंथरली, पाय टेबलाच्या कडेला घेतला आणि पोटरीवर करवत तिरकी टेकवली.

"सरळ काप. तिरकी का धरलीस?"

"तिरक्या जोडाला सरस घट्ट चिकटतो, साहेब. आडवा जोड पहिल्या पावलाला उखडेल."

"आडवा काप म्हणतोय मी!"

सुताराने मान डोलावली, करवत मात्र जागची हलवली नाही. खर्र खर्र सुरू झालं. साहेबाची छडी खांद्यावर बसली, मग पाठीवर. तो कळवळला, पण हाताची लय मोडली नाही. लय मोडली की काप फाटतो.

दोन तुकडे झाले. आत लाकूडच होतं. साहेबाने नखाने खरवडून पाहिलं आणि त्याचा चेहरा अधिकच आंबला.

"करवत, पटाशी जप्त. हत्यारं आहेत. आणि चादरीत काय गोळा करतोस?"

"भुसा, साहेब. करवतीने दोन सूत लाकूड खाल्लं, तेवढा पाय तोकडा झाला. सरसात भुसा कालवून भरला की..."

साहेबाने चादर उचलली, त्याच्या डोळ्यांदेखत वाऱ्यावर झटकली आणि तोंडावर फेकली.

"नीघ."

दोन्ही तुकडे चादरीत बांधून सुताराने गाठोडं गळ्यात अडकवलं. पुलावर ऊन रणरणत होतं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरून झोंबत होता, तरी त्याने तो पुसला नाही. घामेजल्या हातांना कोपरापर्यंत भुसा चिकटला होता. ते हात अंगापासून लांब धरून तो छावणीकडे चालत राहिला.