डक्टमधली कपाटं

सही करायला कोणाचं काय जातं? बारा घरांच्या त्या इमारतीत फायबर केबलच्या संमतीपत्रावर बारा सह्या दीड दिवसात झाल्या आणि टायपिस्टबाई हरखून गेल्या. याच मंडळींनी गच्चीचं कुलूप बदलायला अकरा महिने घेतले होते, हे त्या साफ विसरल्या. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ती अशी.

आणि गरज मोठी होती. बाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. कानाला हेडफोन लावून डॉक्टरांचं पुटपुटणं ऐकायच्या आणि त्याचे स्वच्छ रिपोर्ट टाइप करून पाठवायच्या. काम घरूनच, कारण आतल्या खोलीत बाबा होते. बाबांना गॅस पेटवायचं लक्षात राहायचं, विझवायचं नाही. जुन्या तांब्याच्या तारेवरचं इंटरनेट लहर येईल तसं चालायचं आणि ऑफिसने बजावलं होतं: एक तारखेपासून सगळं काम थेट ऑनलाइन चालणार, ज्याच्याकडे फायबर असेल त्याने घरून करा, नसेल त्याने ऑफिसात या. ऑफिस दोन बस बदलून दीड तासावर. म्हणजे फायबर आलं तर बाबा घरी, नाही आलं तर वृद्धाश्रमात. बाई तिथली खिडकीजवळची खाट बघूनही आल्या होत्या आणि आल्यापासून बाबांशी जरा जास्तच गोड बोलत होत्या.

केबल जाणार होती डक्टमधून. डक्ट म्हणजे डाव्या हाताच्या सहा स्वयंपाकघरांच्या मागून गच्चीपासून तळापर्यंत उतरलेला पोकळ उभा बोळ. जिन्यातून वायर न्यायला अग्निशमनवाल्यांची मनाई आणि बाहेरच्या भिंतीला दहा वर्षांच्या हमीचा रंग. एक भोक पाडलं की हमी गेली. कंपनीने इमारतीला एकच दिवस दिला होता. जमलं तर जमलं, नाहीतर गाडी पुढच्या वस्तीत. पुन्हा फेरी दोन वर्षांनी.

लाइनमन नऊला हजर झाला. त्याने केबल ओढायची तार गच्चीवरून डक्टात सोडली. चार फुटांवर टण्ण.

"काहीतरी आडवं आहे," तो म्हणाला. "पत्र्यासारखं."

सहाव्या मजल्यावरचे सेक्रेटरी शेजारीच उभे होते. "कबुतरांनी घरटं केलं असेल."

"पत्र्याचं?"

"हल्लीच्या कबुतरांचं काही सांगता येत नाही हो. तुम्ही खालून का नाही घालत?"

खालून घातली. पहिल्या मजल्यावर पुन्हा अडली. लाइनमनने जरा जोर लावला, तसे दातांचे डॉक्टर दवाखान्यातून धावत बाहेर आले. "अहो जपून, माझा कॉम्प्रेसर..." एवढं बोलून त्यांनी हनुवटीवरचा मास्क घाईने तोंडावर ओढला. पण शब्द निसटला तो निसटलाच.

जिन्यात उभ्या असलेल्या बाईंना आपलं स्वयंपाकघर आठवलं. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या आईने स्वयंपाकघराची मागची भिंत फोडून, डक्टात फरशी बसवून, झुरळं नकोत म्हणून कडा सिमेंटने लिंपून, दीड फूट खोल कपाट करून घेतलं होतं. "कोणाला बोलू नकोस गं," आई म्हणाली होती. बाई बोलल्या नव्हत्या. सही करताना त्यांनी मनाशी म्हटलं होतं, तार ती केवढी, करंगळीएवढी. आपल्या एकटीच्या कपाटाच्या कडेने जाईल. आता त्यांना दिसलं की सहाही मजल्यांवर सहाजणांनी नेमकं हेच म्हणत सह्या ठोकल्या होत्या. उगाच नाही दीड दिवसात उरकलं.

बाईंनी हिशेब केला. एकाने आधी लाज सोडली तर बाकीच्यांची सुटेल. त्यांनी जिन्यातच मोठ्याने सांगून टाकलं, "माझ्याकडे कपाट आहे. मी फोडते."

लाइनमनने हातोडा दिला, मग बाईंचा नेम बघून परत घेतला आणि स्वतःच फोडलं. दुपारी दोनपर्यंत बाबांची औषधं, डायपरची पुडकी, आईच्या वेळचे डबे असं सगळं जमिनीवर आलं आणि भिंतीत काळं भगदाड उभं राहिलं. शेजारी रांगेने बघून गेले.

"अगंबाई, केवढी जागा!" चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. "कधी बोलला नाहीत."

"वहिनी, तुमच्याकडेही असेलच ना?"

"आमच्याकडे? छे! आमची नुसती भिंत."

तेवढ्यात भगदाडातून, वरच्या बाजूने, वहिनींच्या सुनेचा आवाज आला, "आई, मोठं पातेलं डक्टात ठेवू की ओट्याखाली?"

सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले.

"नवीन आहे ती," वहिनी म्हणाल्या. "तिला घरातलं काय कुठे ते अजून कळत नाही."

सेक्रेटरी घसा खाकरून म्हणाले, "बाई, तुम्ही चारचौघांत कबूल केलंत, तेव्हा हे मिनिट्समध्ये घ्यावं लागेल. विनापरवाना बांधकाम. नोटीस येईल, राग मानू नका. नियम आहे."

बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "सेक्रेटरी, कपाट जाऊ द्या. बाबांना ठेवून यावं लागेल हो मला. ते रात्री माझ्या नावाने हाका मारतात. तिथे कोण ओ देणार?"

सेक्रेटरींचे डोळे खरोखर भरून आले. माणूस वाईट नव्हता. "तुमच्यासाठी मी काहीही करीन," ते म्हणाले. "पण माझं उघडलं की खालच्याचं उघडं पडतं, त्याचं पडलं की त्याच्या खालच्याचं. पालिकेच्या माणसाने पाहिलं तर सगळेच लटकू. दुसरं काहीही सांगा, बाई."

दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

पाच वाजता लाइनमनने फॉर्मवर "मार्ग उपलब्ध नाही" असं लिहिलं. "वाईट नका वाटून घेऊ, ताई," तो तार गुंडाळत म्हणाला. "कालच्या इमारतीत तर डक्टात देव बसवले होते. त्यांना कसं हलवणार?"

तीस तारखेला बाबा निघाले आणि इमारतीने माणुसकीची नुसती कमाल केली. वहिनींनी स्वतः विणलेला स्वेटर बाबांच्या अंगात घातला आणि बटणंही लावून दिली. दातांच्या डॉक्टरांनी एक पैसा न घेता कवळी घासून चकचकीत करून दिली. सेक्रेटरींनी रजा टाकून आपली गाडी काढली, पुढची सीट मागे सरकवली, बॅग आपल्या हाताने डिकीत ठेवली. उरलेले दारात उभे होते. काही लागलं तर हक्काने सांगा, असं ज्याने त्याने बाईंना म्हटलं. कपाटाचा विषय कोणीही काढला नाही, नोटिशीचासुद्धा नाही.

बाबा खुशीत होते. स्वच्छ कवळीने हसत त्यांनी सगळ्यांना हात जोडले. मग गाडीच्या दारात थबकून ते लेकीच्या कानाशी वाकले.

"किती चांगली माणसं आहेत गं इथली," ते म्हणाले. "आपण इथेच राहू या ना."

"हो बाबा," बाई म्हणाल्या. "आधी गाडीत बसा."