मावत नाही असं नाव

"ही बाई कोण?" वर्नाने टेबलावरचा फोटो बोटाने पुढे सरकवला.

"मॉडेल आहे," लिपमन साहेब म्हणाले. "सोनेरी केस, हातात गुलाब. लोक कव्हर बघूनच रेकॉर्ड उचलतात गं."

"पण पियानो ओडेल प्रूइटने वाजवलाय."

"ते आत ऐकतील की! उद्या दुपारी छापखान्यात जायचंय. लाग कामाला."

न्यूयॉर्कमधल्या या छोट्या रेकॉर्ड कंपनीत वर्ना टिलरी अकरा वर्षं दुसऱ्यांनी आखलेली कव्हरं कापत आणि चिकटवत आली होती. तिचं नाव कुठेच छापलं जात नसे, आणि तिनेही ते कधी मागितलं नव्हतं.

दुपारी ओडेल स्वतःच डोकावला. बावीस वर्षं इतरांच्या मागे बसून वाजवल्यावर या कृष्णवर्णीय पियानोवादकाच्या नावाची ही पहिली रेकॉर्ड निघत होती.

"झालं का गं माझं कव्हर?" त्याने फोटो पाहिला आणि तो हसला. "अरे वा! न्यूयॉर्कची हवा मानवली म्हणायची मला. बराच गोरा झालो."

वर्नाला हसू आलं नाही.

"दादा, तुम्ही साहेबांना सांगत का नाही?"

"आणि त्यांनी रेकॉर्डच थांबवली तर?" एवढंच म्हणून तो जिना उतरला.

वर्नाचा डबा तसाच राहिला. तिने कपाटातून ध्वनिमुद्रणाच्या दिवशीचे फोटो काढले. एकात ओडेल बाह्या सारून, डोळे मिटून, नुकतंच वाजवलेलं स्वतःच ऐकत होता. तो फोटो तिने मोठा करून घेतला, डाव्या कडेला लावला आणि बाकी सगळी जागा गडद निळी सोडली. मग तिने पांढऱ्या कागदातून अक्षरं कापली, हातभर मोठी वाटावीत अशी. 'प्रूइट'मधलं शेवटचं अक्षर कडेबाहेर गेलं. तिने ते तसंच राहू दिलं.

सकाळी तिने दोन्ही कव्हरं साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी निळं कव्हर उचलून उजेडात धरलं.

"नाव कापलं जातंय."

"मावत नाही, साहेब."

"कोणी सांगितलं होतं तुला हे?"

"कोणीच नाही."

"आणि रेकॉर्ड आपटली तर?"

"माझं नाव सांगा."

"चालली तर?"

"तरीही माझंच सांगा."

साहेबांनी चष्मा पुसला. गुलाबवाली खणात टाकली. मग निळ्या कव्हराच्या मागच्या बाजूच्या मजकुराखाली पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं : मुखपृष्ठ, वर्ना टिलरी.

"जा, पोचव छापखान्यात. माझं मत बदलायच्या आत."

एप्रिलमधल्या एका शनिवारी ती मुद्दाम हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या रेकॉर्डच्या दुकानावरून गेली. काचेमागे निळ्या कव्हरांची अख्खी रांग लागली होती. समोरच्या फुटपाथवर ओडेल उभा होता. दुकानाकडे यायचं धाडस त्याला होत नसावं. धुलाईची गाठोडी घेतलेली एक बाई काचेपाशी थांबली. तिने कव्हर पाहिलं, सहज मागे वळली, ओडेलकडे पाहिलं आणि पुन्हा कव्हराकडे.

"अहो, हे तुम्ही?" ती रस्त्यापलीकडे ओरडली.

ओडेलने कोटाचं बटण लावलं, पाठ ताठ केली.

"हो," तो म्हणाला. "मीच."