बारदान्यामागचा दिवस

माझा मुलगा दिवसभर ढाराढूर झोपायचा आणि माझे वडील, अप्पा, मोंढ्यातली धान्याची आडत बंद करून घरी आले की टक्क डोळे उघडायचा. मग पहाटेपर्यंत रडारड. बाळंतपणाला उदगीरला माहेरी आलेली मी दीड महिन्यात उभ्या उभ्या डुलक्या घ्यायला शिकले होते.

रडणं फोनवरून लातूरला सासूबाईंच्या कानावर जायचंच. नीलाबाई म्हणजे निकाल आधी, चौकशी मागून. "शिवानी, लेकराचं पोट भरत न्हाई. तुला दूध कमी हाय. अमावास्या उलटू दे, म्या डबा घेऊन येते."

डबा म्हणजे पावडरीच्या दुधाचा. मला तो नको होता. अंगावर दूध मावत नव्हतं, लेकरू गुबगुबीत होत होतं, तरी मीच कमी पडते असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. राग यायचा आणि रडूही यायचं. आईसुद्धा हळूच म्हणाली, "आणू दे की. लई वाळलीस तू."

त्याच आठवड्यात लस द्यायला दवाखान्यात गेलो. सिस्टरनं वजन केलं आणि म्हणाली, दूध भरपूर मिळतंय. मी तिथूनच सासूबाईंना फोन लावला. "वजनाचं राहू दे," त्या म्हणाल्या. "पोट भरलं असतं तर झोपलं नसतं व्हय?"

येताना ऑटो मोंढ्यातल्या गर्दीत अडकला. उन्हाची तिरीप, हॉर्न, हमालांचा गलका, आणि माझा पठ्ठ्या भर दुपारी जागा! त्या संध्याकाळी अप्पा यायच्या आतच तो झोपला. सुईमुळं ग्लानी आली, असं सगळ्यांचं मत पडलं. मला पटेना. मी खिडकीकडं बघत बसले.

खिडकी तरी कुठं दिसत होती! बाळंतपण उरकून आम्ही दवाखान्यातून घरी आलो त्याच दिवशी अप्पांनी तिच्यावर आडतीतला बारदाना ठोकला होता. पोत्यांचे दोन पदर. उजेड लागू नये, नजर लागू नये. दिवसभर खोलीत अंधार, सगळे चवड्यांवर चालणार, कुकरची शिटीसुद्धा बंद. आणि आडत सुटली की अप्पा, काका, शेजारीपाजारी, ट्यूबलाइट, खुळखुळे, "काय करायलेत आमचे मालक?" आईच्या पोटात सकाळ-संध्याकाळ असते थोडीच? दिवस कोणता आणि रात्र कोणती, हे लेकरू दोन-तीन महिन्यांत उजेड आणि वर्दळ बघूनच शिकतं. आम्ही मन लावून शिकवत होतो, पण उलटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारदाना उचकटून काढला. आईनं डोक्याला हात लावला. पण खरी पंचाईत अप्पांची होती. संध्याकाळी मी दारातच त्यांना अडवलं. "आता दिवा नाही, खेळ नाही. खेळायचं तर दुपारी या."

"दुपारी सौदे असतात, बाई," म्हणत ते मागे फिरले. दिवसभर ते त्या एका घटकेची वाट बघायचे. मला फार वाईट वाटलं, पण दार लावलं.

दुसऱ्या दिवशी ऐन सौद्याच्या वेळी अप्पा दारात! केसांत तुरीचा भुसा. "आडतीवर मुनीम बसवराजला बसवून आलो," म्हणाले आणि हातपाय धुऊन नातवाला उजेडात घेऊन बसले. तेव्हापासून रोज आले. रात्री मी मिणमिणत्या दिव्यात पाजायची आणि तोंडातून अवाक्षर काढायची नाही. पहिले दोन-तीन दिवस त्यानं घर डोक्यावर घेतलं. मग हळूहळू तो पिऊन लगेच पेंगायला लागला.

अमावास्या उलटली. सासूबाई आल्या, डबा कोनाड्यात ठेवला आणि बाहेरच्या खोलीत अंथरूण टाकलं. "आज रात्री कळंलच," म्हणाल्या.

दिवस चांगला वर आल्यावर त्या धावतच आत आल्या. "लेकरू रडलंच न्हाई! काय झालं त्याला?"

"काही नाही, आत्याबाई. दोनदा उठला, प्याला, झोपला."

पोरगा उन्हाच्या पट्ट्यात पाय झाडत होता. सासूबाईंनी त्याचं टम्म पोट चाचपलं आणि कोनाड्यातला डबा उचलला. अख्ख्या उदगीरला पेढे वाटावेत असं मला झालं होतं. तेवढ्यात अप्पा चवड्यांवर चालत आले आणि कुजबुजले, "झोपला का?"

"पाव्हणं, दबकत काय यायलात?" सासूबाई कडाडल्या. "दिवस उगवलाय, मोठ्यानं बोला! आन् हा डबा ज्याला लागंल त्याला देऊन टाका. माझ्या सुनेला दूध कमी हाय म्हणून कोण म्हणायलं व्हतं?"

मी कुणाचंच नाव घेतलं नाही.