उलटं बसवलेलं मशीन

भटू मिस्त्रीनं एसीचं खोकं खिडकीत टेकवलं आणि आक्काबाईकडे पाहिलं.

"आक्का, पाठ घरात अन् तोंड बाहेर? लोक माले येडा म्हनतीन."

"म्हनू दे. मन्हा माहेरले असाच खोकामागे म्हैस बांधेल व्हती. सकायले तिनं तापेल दूध दिधं."

आक्काची नेहमीची थाप ऐकून भटू हसला. आक्काबाई मात्र आत पाहत होती. खाटेवर तिची सून ताईबाई आठव्या महिन्यातच झालेल्या पोरीला पोटाशी धरून बसली होती. चाळीसगावात डिसेंबरचा गारठा पडला होता. बाळाला ऊब पाहिजे, धूर नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रीतीप्रमाणे खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली, तर पोर खोकून निळी पडली. विजेच्या एका शेगडीनं खोली तापेना, दुसरी लावली की फ्यूज उडे.

आक्काबाई मार्केटात मिरच्या विकायची. रुपचंदशेटच्या आडत दुकानाचा एसी मागच्या बाजूनं गरम वारा ओकतो, हे तिथंच मागे बसणाऱ्या तिच्या पाठीला ठाऊक होतं. तिनं मागितला, आणि शेटनी त्याच दिवशी हातगाडीवर घालून पाठवला.

गारठ्यानं मशीन आपोआप बंद पडू नये म्हणून भटूनं आतली एक वायर थेट जोडली. बटण दाबलं. खोलीत उबदार वारा आला. फ्यूज टिकला.

"आक्का, हाई ऊब तयार नही करत. बाहेरना गारठामाईन ओढी लयस. म्हनीसन वीज कमी."

"गारठामा ऊब? भटू, तू तं मन्हापेक्षा मोठ्या थापा मारस!"

तासाभरानं ताईबाईनं हाक मारली.

"आक्का, हात लाई दखा. पाय गरम शेतस."

आक्काबाईनं ते बोटभर तळवे मुठीत धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

एप्रिलात पोरीनं बाळसं धरलं. आक्काबाई दुकानात गेली, तेव्हा रुपचंदशेट पुठ्ठ्यानं वारा घेत बसले होते. सदरा पाठीला चिकटला होता.

"शेट, उद्या मशीन धाडसू."

"कशाले? माले तो थंड वारा सोसत नही. गुडघा धरतस. राहू द्या तठेच. तोंड तेवढं घरमा मझार फिराई ल्या, पोरले उन्हाळा जड जाई."

कपाळावरचा घाम टेबलावर टपकला. शेटनी तो तळहातानं पुसून टाकला.

आक्काबाईनं डोळे बारीक केले. जन्मभर थापा मारलेल्या बाईला थाप ओळखायला कितीसा वेळ लागतो?

"गुडघाले तेल करी धाडसू, शेट," ती म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवशी बाटली भरून पाठवली.