मानेतल्या दोन वाट्या

मी सायकलच्या मानेतला छर्र्यांचा संच बोलतोय. माझं रूप तुमच्या डोळ्यांसमोर येणार नाही, कारण मी सहसा कुणाला दिसतच नाही. हँडलची दांडी सांगाड्यात शिरते तिथे वर एक वाटी, खाली एक वाटी, दोन्हींत बेअरिंगचे गोल छर्रे आणि वरून आवळणारे नट, एवढाच मी. चाकं सायकल पुढे नेतात. तिला वळवणं माझ्याकडे.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तेलकट कागदात गुंडाळून मला जहाजात घातलं, पुढे ट्रकनं मी आफ्रिकेतल्या मलावीत, शिरे नदीकाठच्या नगाबूच्या बाजारात येऊन पोचलो. एका दुकानात खिळ्याला टांगून होतो. शेजारी ट्यूब, ब्रेकचे रबर. त्यांना रोज गिऱ्हाईक यायचं. माझी आठवण मात्र सायकल वळेनाशी झाली की मगच होते.

एके दिवशी दोन कोंबड्या बगलेत मारून एक बाई आली. तिचं नाव एनेलेसी. कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या रंगीत कापडाची गाठ सोडून तिनं एक जुनी वाटी काढली आणि माझ्या वाटीला लावून पाहिली. माप जुळलं. कोंबड्या दुकानात राहिल्या, मी त्या गाठीत बांधला गेलो.

जुन्या वाटीनं वाटेत मला सारं सांगितलं. एनेलेसीचा नवरा लॅक्सन सायकलवर माणसांची ने-आण करायचा. वाटीला खळगे पडले होते, छर्रे त्यांत अडकायचे. हँडल मधोमध आलं की हटून बसायचं. आज बघू, उद्या बघू करत लॅक्सननं ते तसंच चालवलं. मग उसाच्या मळ्याजवळच्या वळणावर समोरून ट्रक आला. त्यानं हँडल फिरवलं, ते क्षणभर फिरलंच नाही. ट्रक अंगावरून गेला नाही, पण लॅक्सन चरात पडला. उजवं मनगट मोडलं आणि हाड वाकडं जुळलं. आता त्याची मूठ मिटत नव्हती. सायकल पडवीत उलटी पडून होती आणि तो तिच्याकडे पाठ करून बसायचा.

तो हात दाखवायला दवाखान्यात गेला असताना एनेलेसीनं आतून सळई घालून, चहूबाजूंनी हलके ठोके देत जुन्या वाट्या काढल्या होत्या. आता तिनं मला चटईवर मांडलं तेव्हा तो घरीच होता.

"हे काय आणलंस?" त्यानं विचारलं.

"मानेचा संच. सायकल मी चालवणार आहे."

"त्या सायकलनं माझा हात खाल्ला. आता तुला खाऊ दे?"

"अहो, हात सायकलनं नाही खाल्ला. त्या गंजक्या वाटीनं खाल्ला. ती काढली मी."

तो उठला आणि आंब्याखाली जाऊन बसला. बाईमाणूस भाडं मारणार ही गोष्ट त्याला किती लागली, ते त्याच्या पाठीवरून मलाही दिसत होतं.

एनेलेसीनं सांगाड्याची नळी आतून पुसली, ग्रीस लावलं, माझी वरची वाटी तोंडावर ठेवली, वर लाकूड धरून हातोडा मारला. मी एका बाजूनं शिरलो आणि दुसऱ्या बाजूनं वर उचललो गेलो. तिनं आणखी जोरात मारलं. मला वाटलं, आता मी चिरणार.

"थांब," आंब्याखालून आवाज आला. "वाकडी चाललीय. आवाज येतोय तसा."

तो आला. शेजाऱ्याच्या बैलगाडीची आटे पाडलेली लांब सळई त्यानं मागून आणली. दोन ठोकळ्यांना भोकं पाडली. तिनं मला काढून पुन्हा सरळ ठेवलं, खाली दुसरी वाटी, दोन्हींना ठोकळे आणि मधून सळई. त्यानं पायांत सांगाडा दाबून धरला, डाव्या हातानं खालचा नट अडवला. तिनं वरचा आवळायला घेतला. हातोडा नाही, ठोका नाही. मी हळूहळू, सरळ, माझ्या जागी जाऊन बसलो. जन्मभर ज्या जागेसाठी घडलो होतो ती अशी हलक्या हातानं मिळाली, याचे उपकार मी विसरलेलो नाही.

मग पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या बुंध्याशी माझी खालची कडी बसली. गोल जाळीत ओवलेले छर्रे मात्र त्यानं हट्टानं स्वतःच बसवले. चिमटा घातला, नट आवळला. हँडल करकरलं, फिरेना.

एनेलेसीनं वाकून पाहिलं आणि लेकराच्या नावानं त्याला हाक मारली. "तियामिकेचे बाबा, छर्र्यांची जाळी उलटी घातलीत तुम्ही."

तो बघतच राहिला. मग हसायला लागला. पडल्यापासून तो हसलाच नव्हता, त्यामुळे आधी तिला कळेना हा हसतोय की रडतोय. मग तीही हसली आणि दोघांचेही हात ग्रीसनं काळे.

जाळी सुलटी केली. नट थोडा आवळायचा, थोडा सोडायचा. पुढचा ब्रेक दाबून तिनं सायकल हलवून पाहिली, मान खडखडली नाही. पुढचं चाक उचललं, तर हँडल आपोआप एका बाजूला अलगद कललं. मग खालचा नट अडवून वरचा घट्ट केला.

"बसा मागे," ती म्हणाली.

बाजारातून जाताना गिफ्टन नावाचा त्याचा जुना सायकलवाला जोडीदार ओरडला, "काय लॅक्सन, आता बायकोच्या पाठीमागे का?"

"मग काय तुझ्या पाठीमागे बसू?" लॅक्सन म्हणाला. "तुझी मान आधी तपासून घे. करकरतेय."

उसाच्या मळ्याचं वळण आलं. लॅक्सनचा डावा हात तिच्या कमरेशी घट्ट झाला. समोरून धुरळा उडवत ट्रक आला. एनेलेसीनं हँडल वळवलं. मी वळलो. एवढंच झालं. ट्रक निघून गेला, सायकल कडेच्या गवतातून पुन्हा रस्त्यावर आली. लॅक्सनचा हात सैल झाला, ते मला सायकलच्या तोलावरून कळलं.

पुढे अवघडलेल्या बाया दवाखान्यात जायला एनेलेसीचीच सायकल शोधू लागल्या. खड्डा आला की ती उतरून सायकल ढकलते, असं त्या एकमेकींना सांगत. कितीतरी आया आणि त्यांची बाळं माझ्या भरवशावर वळणं घेऊन गेली. दर सुगीनंतर नवराबायको मला उघडत, पुसत, ताजं ग्रीस भरत. असं जपलं जाणं फार थोड्या सुट्या भागांच्या नशिबी येतं.

आता माझ्याही वाट्यांना खळगे पडू लागलेत. आज सकाळी त्यांनी मला काढून चटईवर ठेवलं आणि नवा संच बसवला. या वेळी हँडल अडेपर्यंत वाट पाहिली नाही. तुम्हीही पाहू नका, एवढंच माझं मागणं.

एनेलेसी सवारी घेऊन गेली. लॅक्सन मला उचलून सदऱ्याच्या टोकानं पुसतोय.

"बरं झालं, तू होतास," तो म्हणाला.

त्यानं मला अजून खाली ठेवलेलं नाही.