सात वाट्या आणि अळणी सव्वा महिना

मित्रांनो, मला जुना म्हणा, पोचे आलेला म्हणा, मी रागावणार नाही. फक्त बिनकामाचा म्हणू नका, तेवढं मला झोंबतं. मी स्टीलचा मसाल्याचा डबा. मध्ये एक वाटी आणि भोवती सहा. पनवेलच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात माझ्या झाकणावर कृष्णाबाईचं नाव घातलं आणि मी तिच्याबरोबर सासरी, खाडीकाठच्या कोळीवाड्यात आलो. तीस-बत्तीस वर्षं मोहरी, हळद, तिखट पोटात घेऊन मी तिच्या चुलीशेजारी बसलो. कृष्णाबाईच्या कोळंबीच्या कालवणाची वाड्यात तारीफ व्हायची, तेव्हा मीही मनातल्या मनात कॉलर ताठ करायचो. डब्याला कॉलर नसते, मला ठाऊक आहे. हसू नका.

मग तिचा मुलगा कुंदन आजारी पडला. ताप नाही, खोकला नाही. आठवडाभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. सतत बोलायचा. बाप दिनानाथची नवीकोरी जाळी त्याने उचलून लोकांना वाटून टाकली आणि एक दिवस कळंबोलीला जाऊन लोखंड वाहणाऱ्या ट्रकांपुढे हात पसरून उभा राहिला. लोकांनी धरून आणला म्हणून वाचला. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, हा मनाचा आजार आहे, गोळ्यांनी आटोक्यात राहतो. लिथियम नावाची गोळी सुरू झाली.

तिथल्या रूपा सिस्टर गोळ्यांचं बघायच्या. एकदम महिन्याच्या गोळ्या घरी देणं धोक्याचं, म्हणून त्या दर सोमवारी आठवड्याच्याच द्यायच्या. कृष्णाबाईला वाचता येत नाही. दवाखान्यातल्या प्लास्टिकच्या डबीवरची वारांची इंग्रजी अक्षरं बघून ती रडकुंडीला आली. सिस्टर घरी आल्या, त्यांची नजर माझ्यावर पडली आणि त्या ओरडल्याच, "अहो मावशी, हा काय! सात वाट्या, सात दिवस!" मोहरी बाटलीत गेली. मला चिंच लावून घासलं. वाट्यांवर नेलपॉलिशचे ठिपके पडले, सोमवारला एक, मंगळवारला दोन, असे. संध्याकाळी जेवण झालं की एका वाटीतल्या दोन गोळ्या.

सिस्टरनी पहिल्याच दिवशी सगळं समजावलं. तहान लागेल, हात जरासे कापतील, घाबरू नका. पाणी भरपूर प्यायचं, मीठ कमी करायचं नाही, उलट्या-जुलाब झाले तर गोळी थांबवून धावत यायचं. दिनानाथने मान डोलावली. कृष्णाबाई पोराच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या डोक्यात एवढंच राहिलं की हात कापले तर घाबरायचं नाही.

आणि कुंदन बरा झाला हो! झोपायला लागला, होडीवर जायला लागला. दर सोमवारी सिस्टर माझं झाकण उघडायच्या, सातही वाट्या रिकाम्या बघून म्हणायच्या, "शाब्बास मावशी! अख्ख्या दवाखान्यात असा डबा नाही." मग कुंदनला हात पुढे करायला लावायच्या, चालून दाखवायला सांगायच्या, काल काय जेवलास ते विचारायच्या. पण मी ऐकायचो फक्त ती शाबासकी. खोटं कशाला बोलू, मी फुगलो होतो.

कृष्णाबाईने पोराच्या आजारात एकवीरा आईला नवस बोलला होता. पोर शुद्धीवर आला तर सव्वा महिना अळणी जेवीन. वैशाखात तिने तो फेडायला घेतला. कुंदन म्हणाला, "आये, आजारी मी व्हतो ना? तू एकटी कशाला? मी पन अळणीच जेवनार." तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मिठाची बरणी फडक्यात बांधून माळ्यावर गेली. सुकट, बोंबील, लोणचं, सगळं बंद. दिनानाथ होडीवर भाकरी-चटणी खायचा, त्याचं भागायचं. दवाखान्यात कुणी काही बोललं नाही; काल काय जेवलास म्हटलं की कुंदन नुसतं डाळ-भात म्हणायचा. नवस ही देवाची गोष्ट, ती सिस्टरला कशाला सांगायची, आणि सांगितलेला नवस फळतो का, असं कृष्णाबाईचं म्हणणं.

आठ-दहा दिवसांत कुंदनची तहान वाढली. उन्हात जाळी सुकवताना घामाने निथळायचा. मग हात कापायला लागले, जरासे नाही, चांगलेच. पेल्यातलं पाणी हिंदकळून छातीवर सांडायचं.

"आये, हातात जोरच नाय."

"सिस्टर बोलली व्हती ना, होतं असं. गोली घे, बरा होशील."

मित्रांनो, मी स्वयंपाकघरात जन्म काढलेला डबा. बरणी माळ्यावर गेलेली मला दिसत होती. कुंदनची बोटं माझ्या वाटीत शिरताना वाटी खडखड वाजायची, तेही मला कळत होतं. पण तोंड आहे का मला! रोज संध्याकाळी मी माझी वाटी पुढे करत राहिलो.

तिसऱ्या सोमवारी कृष्णाबाई एकटीच मला घेऊन दवाखान्यात गेली. दारापर्यंत रांग लागलेली. सिस्टरनी झाकण उघडलं, सात वाट्या रिकाम्या. "कुंदन कुठंय?" "जाळी शिवतोय," कृष्णाबाई म्हणाली. खरं तर तो जुलाबाने गळून घरी पडला होता. पण ते उन्हाचं आहे, त्यात काय सांगायचं, असं तिला वाटलं. सिस्टरनी माझ्याकडे बघितलं, शाब्बास म्हणाल्या, वाट्या भरल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली. त्या दिवशी मला झाकण लागू नये असं वाटत होतं.

बुधवारी कुंदन झोकांड्या खात मोरीत गेला. जीभ जड झालेली. दिनानाथ भडकला, "ताडी ढोसून आलास काय रं?" कुंदनला नाही म्हणायचं होतं, ते नीट उमटेना. बापाने त्याच्याशी बोलणं सोडलं. गुरुवारी गोळ्या घेतल्या घेतल्या तो भडभडून ओकला. कृष्णाबाई घाबरली. गोळ्या बाहेर पडल्या, आता आजार उलटणार, पोर परत ट्रकापुढे उभा राहणार! तिने शुक्रवारची वाटी उघडली आणि त्यातल्याही दोन गोळ्या त्याला भरवल्या. नको, बाई, नको, असं माझं सगळं स्टील ओरडत होतं. तिला ऐकू कसं जाणार?

शुक्रवारी सकाळी तिने पाच ठिपक्यांची वाटी रिकामी बघितली. आजची गोळी नाही! कुंदन निपचित पडलेला. त्याच्या उशाशी शेजारच्या शकूला बसवून ती मला पदराखाली धरून तळपत्या उन्हात दवाखान्यात धावली.

"सिस्टर, आजच्या गोल्या द्या. एक वाटी कमी पडली."

"कशी पडली? नेमक्या मोजून दिल्या होत्या ना?"

"काल ओकला त्यो. मंग मी आजच्या दिल्या."

सिस्टरचा हात थांबला. "ओकला? जुलाब होतात? चालतो कसा?"

"बुधवारपासून झोकांड्या जातात. त्याचा बाप म्हनतो ताडी पितो. नाय हो पित, माजा पोर नाय पित!"

"मावशी, काल काय जेवला?"

"दोन घास भात. नि अळणी डाळ."

"अळणी का?"

कृष्णाबाईने मान खाली घातली. "नवस हाय. वीस दिवस झाले. सांगायचा नसतो."

सिस्टर मला टेबलावर तसंच उघडं टाकून डॉक्टरांच्या खोलीकडे पळाल्या. इतकी वर्षं मी आदळआपट सोसली आहे, पण टेबलाच्या कडेवरून खाली पडावं असं त्या घटकेला वाटलं.

कुंदनला रिक्षात घालून आणला तेव्हा आईला ओळखत नव्हता. अंग झटके देत होतं. रक्तात ती गोळी कितीतरी पटीने साठलेली निघाली. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हलवून यंत्राने रक्त धुवायचं ठरलं. गाडी येईपर्यंत कृष्णाबाई बाहेरच्या बाकावर मला मांडीवर घेऊन बसली. सिस्टर तिच्यासमोर खाली बसल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या, की अंगातलं मीठ आणि पाणी कमी झालं की शरीर ही गोळी बाहेर टाकत नाही, धरून ठेवतं. रोजच्या त्याच दोन गोळ्यांचं मग विष होतं.

"म्हंजे मीच घातलं त्याला विष," कृष्णाबाई म्हणाली. "माज्या हातानं. देवाच्या नावानं."

सिस्टर रडायला लागल्या. "तुम्ही नाही, मावशी. सोमवारी मी डबा बघितला, माणूस बघितला नाही."

बारा दिवसांनी कुंदन घरी आला. जिवंत आला, पण चालताना भिंत धरावी लागते. बोलणं जड. हाताचा कंप गेलेला नाही. दिनानाथ होडीवर जायच्या आधी त्याच्या पायांशी बसून पाय चेपतो. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, तरी कृष्णाबाईने मला उचलून माळ्यावर फेकलं. "नको ती गोली! मरू दे तो डबा!" आठ दिवस मी तिथे पालथा पडून होतो. नवव्या दिवशी कुंदन झोपेनासा झाला, उगाच मोठमोठ्याने गायला लागला. विष एका बाजूला, ट्रक दुसऱ्या बाजूला, आणि मधे ही एकटी बाई.

डबा दवाखान्यात आला नाही, म्हणून सिस्टर त्याच दिवशी घरी आल्या. मला खाली काढलं, पुसलं, पण झाकण उघडलं नाही. "कुंदन, आधी हात पुढे कर." त्याने केले. कापत होते.

"या हातानं जाळं कधी धरंल?" कृष्णाबाईने विचारलं.

"ठाऊक नाही, मावशी. खरंच ठाऊक नाही. थोडं सुधारेल, पूर्ण सुधारेल असं नाही सांगू शकत. पण ही गोळी थांबवलीत तर आत्ता आहे तो कुंदनही हातातून जाईल."

कृष्णाबाई उठून माझ्याजवळ आली, तिने झाकण उघडलं आणि सिस्टरनी नव्या गोळ्या वाट्यांत घातल्या. कुंदनची बोटं वाटीतून गोळी उचलू शकत नव्हती, दोनदा निसटून जमिनीवर गेली. तिने ती उचलली, पण लगेच त्याच्या तोंडात घातली नाही. "जेवलास? काय जेवलास? पानी किती प्यालास? पोट ठीक हाय? दोन पावलं चालून दाखव." तो भिंत धरून दोन पावलं चालला. सगळं ऐकून, सगळं बघून तिने गोळी त्याच्या जिभेवर ठेवली.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी अशा गोळ्या घेत असेल तर त्यांना वेड्यात काढू नका, आणि घाबरून गोळ्या मधेच बंदही करू नका. नवस, उपास, ऊन, उलटी, जे काही असेल ते न लाजता सिस्टरला सांगा. आणि माझ्या रिकाम्या वाट्या बघून कुणाला शाबासकी देऊ नका. कुंदनच्या अंगात विष साठत होतं, तेव्हाही मी रोज वेळेवर रिकामा होत होतो.