पेटीच्या आतली सूचना

संजय ओव्हाळ लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर होता, आणि त्याच्याच बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये व्हिडिओ गेमची ती पेटी मावली नाही. विश्रांतवाडीतल्या त्या सोसायटीला एवढा विनोद वर्षभर पुरला असता. शेवटी चार हमाल लावून पेटी जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर चढवली. प्रत्येक वळणावर भिंतीचा थोडा थोडा रंग खरवडला गेला आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर लिहिलं, 'जिना माणसांसाठी आहे. भंगारासाठी नाही.' कुणाचं नाव लिहिलं नव्हतं. पुण्यात नाव लिहायची गरज पडत नाही.

भंगार म्हणण्यात सेक्रेटरींची चूक नव्हती. पुरुषभर उंचीची प्लायवूडची पेटी, तळाची फळी पाणी पिऊन फुगलेली, पडद्याची काच धुरकट, बटणांच्या जागी भोकं. पण एका बाजूवर वाकड्या नाकाचं निळं रॉकेट रंगवलेलं होतं, आणि जुन्या बाजारात त्या रॉकेटवर नजर पडताच संजय जागच्या जागी थबकला होता. ब्याण्णव साली विश्रांतवाडीच्या चौकाजवळ बाबुराव शेठचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. त्यात दारातून शिरल्यावर उजव्या हाताला हीच पेटी उभी असायची.

"सोफा बदलू म्हणून तीन वर्षं सांगतेय," त्याची बायको चैताली म्हणाली, "आणि अहो, तुम्ही उभं राहायचं फर्निचर आणलंत!"

संजयनं ते हसण्यावारी नेलं. पुढचे तीन महिने त्याचे सगळे रविवार पेटीत गेले. तळाची फळी त्यानं बदलली, कडेचा सनमायका सोलून नवा चिकटवला, रॉकेट मात्र जसंच्या तसं राखलं. शनिवार पेठेत जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूब दुरुस्त करणारा एक म्हातारा शोधून काढला. जॉयस्टिक कुठून तरी मिळवली. पेटीला जुनी दोन पिनांची वायर होती. ती कापून त्यानं तीन पिनांची घातली आणि बटणांखालच्या पत्र्याला अर्थिंग जोडलं. पत्रा तसाच सोडणाऱ्या त्या काळच्या इलेक्ट्रिशियनला दोन शिव्या हासडल्या आणि तो विसरून गेला. रोजच्या कामातली सवय, दुसरं काही नाही.

हे सगळं गेमच्या प्रेमापोटी चाललंय असं तो सगळ्यांना सांगायचा. ते खोटं होतं. त्याला ती पेटी आप्पांच्या डोळ्यांसमोर उभी करायची होती.

आप्पा म्हणजे कचरू ओव्हाळ, त्याचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, सरकारी कारखान्यातून सुतार म्हणून रिटायर झालेले. घरात बाप-लेकांचं बोलणं 'गोळी घेतली का' आणि 'घेतली' एवढंच. भांडण असं नव्हतं. संजय बारा वर्षांचा असताना एका संध्याकाळी आप्पा बाबुराव शेठच्या दुकानात शिरले, वर्गातल्या पाच-सहा मुलांसमोर त्यांनी त्याच्या कानाखाली असा आवाज काढला की बाहेरचा पानवाला वळून बघायला लागला, आणि हाताला धरून त्याला रस्त्यानं फरपटत घरी नेलं. का मारलं, ते सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. मुलं दहावीपर्यंत त्याला 'फरफट्या' म्हणत. चोरी केली नव्हती, परीक्षा नव्हती, खिशातला रुपया आईनं स्वतः दिलेला होता. त्या दिवशी संजयच्या मनात बापाबद्दल जे गोठलं ते गोठलंच. तेहेतीस वर्षं झाली त्याला.

पेटी घरात आली त्या दिवशी आप्पा खोलीतून बाहेर आले, रॉकेटकडे बघितलं आणि तसेच आत गेले. रात्री जेवले नाहीत. संजयला बरं वाटलं. लागलं म्हाताऱ्याला, असं वाटलं. त्यानंतर मात्र आप्पा रोज सकाळी चहाच्या वेळी एक प्रश्न विचारू लागले.

"चालू केलीस का?"

"नाही अजून."

टोमणा समजून संजय तो गिळायचा आणि रविवारी दुप्पट जोमानं पटाशी चालवायचा.

मार्चमधल्या एका रविवारी, सकाळी अकराला, पेटी चालू झाली. आधी पडद्यावर नुसत्या रेघा, मग एकदम काळ्या आकाशात तारे, आणि स्पीकरमधून ती किनरी धून. संजयचे डोळे भरून आले. त्याची मुलगी पूर्वा, नववीतली, कानातले इअरफोन काढून धावत आली.

"बाबा, सिरियसली? हे वर्क करतंय?" असं म्हणत तिनं दोन्ही हात बटणांवर ठेवले.

आप्पांना खोलीतून हॉलमध्ये यायला काठी टेकत दोन मिनिटं लागत. त्या दिवशी ते काठीशिवाय आले. कसे आले ते कुणालाच कळलं नाही. पूर्वाच्या मनगटावर त्यांनी फाडकन हात मारला, दंडाला धरून तिला मागं खेचलं आणि स्वतः भिंतीवर आदळले.

पूर्वा रडली नाही. ती नुसती आजोबांकडे बघत राहिली. या घरात तिच्यावर कधी कुणी बोट उगारलं नव्हतं. स्वयंपाकघरातून चैताली हातात उलथनं तसंच घेऊन बाहेर आली.

संजयच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आता हिलाही मारणार तुम्ही? माझ्यावर भागलं नाही का?" त्याचा आवाज इतका चढला की खालच्या मजल्यावर टीव्ही बंद झाला. "त्या दिवशी सगळ्यांसमोर मला मारलंत, एका शब्दानं कारण सांगितलं नाहीत, आणि आज माझ्या घरात माझ्या पोरीला..."

"पत्रा," आप्पांना धाप लागली होती. "पत्र्याला हात लावू देऊ नको तिला. अर्थिंग नाही त्याला."

संजय बोलायचा थांबला. जन्मात व्हिडिओ गेमला हात न लावलेल्या माणसाला बटणांखाली पत्रा आहे हे कुठून ठाऊक?

"मी घातलंय अर्थिंग," तो म्हणाला. "तुम्हाला कसं माहीत?"

"बंद कर आधी."

संजयनं पिन काढली. पडदा विझला तसे आप्पा भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले.

"मागची फळी काढ," ते म्हणाले. "डाव्या अंगाला, वर, पडद्याच्या मागं बघ."

आत हात पोचत होता तिथपर्यंत संजयनं सगळं साफ केलं होतं, पण त्या कोपऱ्यात नाही. मोबाईलची बॅटरी लावून त्यानं फडक्यानं धूळ पुसली. खाली पेन्सिलीनं लिहिलेलं होतं:

'पत्र्याला अर्थिंग देणे. मगच चालू करणे. ता. ८-५-९२.'

खाली दोन जाड रेघा. अक्षर ओळखायला संजयला क्षणसुद्धा लागला नाही. ते अक्षर त्याच्या स्वयंपाकघराच्या दारामागे होतं. गॅसचा सिलिंडर लावल्याची प्रत्येक तारीख आप्पा तिथं सुताराच्या पेन्सिलीनं लिहीत, आणि खाली अशाच दोन रेघा मारत.

ही पेटी परदेशातून वगैरे आलेली नव्हती. ती आप्पांनी केली होती. ज्या पेटीवरून त्यांनी त्याला फरपटत नेलं, ती त्यांच्याच हातची होती.

"कारखान्यात असताना बाहेरचं काम करायला बंदी होती," आप्पा जमिनीकडे बघत सांगू लागले. "बाबुरावाला फोटो दाखवून पेट्या करून पाहिजे होत्या. संध्याकाळी जाऊन चार केल्या, गुपचूप. ही चालू करून बघितली तर पत्र्याला हात लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या. बाबुरावाला म्हणलं, अर्थिंग घाल. तो म्हणाला, मिस्त्री, तुम्ही लाकडाचं बघा. म्हणून वायरमन येईल त्याच्यासाठी आत लिहून ठेवलं. महिन्याभरानं कारखान्यातनं येताना सहज आत बघितलं, तर तू. दोन्ही हात पत्र्यावर."

"मग सांगायचं ना मला तेव्हा!"

"तू शाळेत बोलला असतास. बोलता बोलता कारखान्यात गेलं असतं. नोकरी गेली असती माझी."

तेहेतीस वर्षांचा राग असा एकाएकी बिनबुडाचा ठरला. या माणसानं आपला जीव वाचवला आणि आपण त्याला दिवसाला दोन शब्दांवर ठेवलं! पुढं होऊन म्हाताऱ्याचे पाय धरावेत असं त्याला वाटलं, आणि तो खरंच खाली वाकलासुद्धा.

तेवढ्यात त्याला विक्रम आठवला.

विक्रम त्याच्या वर्गातला. धानोरीचे शेतकरी संपत आणि बायडाबाई यांचा मुलगा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, भर दुपारी, बाबुराव शेठच्या दुकानात खेळता खेळता तो कोसळला आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेला. पावसात भिजून आला होता, पायांत चप्पल नव्हती. फिट आली, असं बाबुराव म्हणाला. डॉक्टरांनीही मान डोलावली. महिन्याभरात दुकान बंद झालं. विक्रमला घरी कुणी मारत नाही, याचा संजयला त्या वर्षी फार हेवा वाटायचा.

"आप्पा, विक्रम कुठल्या पेटीवर होता?"

आप्पांनी पेटीकडे बोट दाखवलं.

"फिट नव्हती ती," ते म्हणाले. "मला त्याच दिवशी कळलं."

चैतालीनं उलथनं टेबलावर ठेवलं.

"पेटी कोणी केली असं विचारलं असतं तर माझं नाव आलं असतं. मी गप्प बसलो. वाटलं, पोरगं तर गेलं, आता बोलून काय?" पुढचं आप्पांनी फार हळू सांगितलं. "त्याच्या बहिणीचं, तनुजाचं, लग्न तीनदा ठरता ठरता मोडलं. घराण्यात फिट आहे म्हणून. दर वेळी माझ्या कानावर यायचं. दर वेळी मी गप्प बसलो."

तनुजाला संजय ओळखत होता. चाळिशी ओलांडलेली, बालवाडीत शिकवणारी, कुणी बारशाला बोलावलं तर भेट पाठवून देणारी, पण स्वतः न जाणारी. तिला बघून तो नेहमी 'बिचारी' म्हणायचा आणि पुढं जायचा.

"आजोबा," पूर्वा मनगट चोळत म्हणाली, "तुम्हाला त्यांना सांगावं लागेल. म्हणजे, आजच."

दुपारी चार वाजता संजय आप्पांना घेऊन धानोरीला गेला. संपतरावांना जाऊन दहा वर्षं झाली होती. शेताच्या जागेवर आता चार मजली इमारत होती आणि तळमजल्याच्या ओट्यावर बायडाबाई ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"या मिस्त्री," त्या म्हणाल्या. "लई दिसांनी वाट वाकडी क्येली. तनू, पानी आण गं."

तनुजानं खुर्ची दिली. आप्पा बसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून, उभ्यानंच, त्यांनी सगळं सांगितलं. पेटी, पत्रा, झिणझिण्या, बाबुराव, दुकानातून ओढून नेलेला संजय, आणि ऑगस्टातली ती दुपार. नोकरीचं त्यांनी एका वाक्यात सांगितलं, सबब म्हणून नाही. तनुजाच्या लग्नांबद्दल सांगताना त्यांचा आवाज फुटला, तरी त्यांनी ते अर्धवट सोडलं नाही.

संजयनं मोबाईलवरचा फोटो तनुजापुढे धरला. तिनं पेन्सिलीची ती ओळ वाचली, तारीख वाचली. पाण्याचा तांब्या तिनं कठड्यावर ठेवला. नीट ठेवला, सांडू दिला नाही.

"म्हणजे आमच्यात काहीच नव्हतं?" तिनं विचारलं. "मला... काहीच नव्हतं?"

"नव्हतं," आप्पा म्हणाले. तनुजा पायरीवर बसली आणि आपलेच हात दुसऱ्या कुणाचे असावेत तशी उलटसुलट करून बघत राहिली. तेहेतीस वर्षं तिनं स्वतःला आजारी समजून जपलं होतं. कधी एकटीनं गाडी चालवली नाही, कधी विहिरीच्या काठाशी गेली नाही.

बायडाबाई रडतील, शिव्या देतील, ताट फेकतील, अशी संजयनं मनाची तयारी केली होती. त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि आप्पांकडे वर बघितलं.

"मिस्त्री, तुमी तुमच्या पोराला वढून न्येलं, तवा माझा कुठं हुता?"

आप्पांनी काठीवरची पकड बदलली.

"सांगा की. दुकानात हुता का न्हाई?"

"होता," आप्पा म्हणाले. "शेजारीच होता. संज्याला काढला, तर तोच हसत त्याच्या जागेवर उभा राहिला."

"आन् तुमी बघितलं?"

"बघितलं."

बायडाबाईंनी एकदा संजयकडे बघितलं. त्याचे पिकायला लागलेले केस, हातातली गाडीची किल्ली, सगळं नीट बघून घेतलं. मग त्या आप्पांना अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "येका हातानं ह्याला धरला हुता. दुसरा हात मोकळाच हुता की, मिस्त्री."

आपण जिवंत आहोत याची संजयला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली, आणि त्या बाईसमोर उभं कसं राहावं, हेच त्याला कळेना.